तुझं खरं आहे

आईच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. पाऊण तास ती बोलत होती, शेवटी रडली. मी म्हणालो, "तुझं खरं आहे." जेवणं झाल्यावर गावाहून धाकट्या भावाचा आला. चढ्या आवाजात सुरू झाला, मध्येच गप्प झाला, पुन्हा चढला. त्यालाही मी तेच म्हणालो, "तुझं खरं आहे." दोघंही शांत झाली. मी फोन चार्जिंगला लावला, आडवा झालो आणि मला लगेच झोप लागली. आता मागे वळून बघताना बाकी कशापेक्षा ती झोप मला खुपते. लागली कशी?

प्रकरण घरोघरी असतं तसंच आहे. साताऱ्याकडे आमची अडीच एकर जमीन आणि एक जुनं घर. वडील आधी गेले, मग आई. मृत्युपत्र दोघांनीही केलं नव्हतं, म्हणजे कायद्यानं आम्हा तिघांचा वाटा सारखा. धाकटा गावीच असतो, शेती तोच बघतो, आईचं शेवटचं आजारपण त्यानं आणि त्याच्या बायकोनं काढलं. त्याचं म्हणणं, ताईनं हक्कसोडपत्रावर सही करावी. आपल्याकडे बहिणी करतातच. बहिणीचं म्हणणं, जमीन मला नकोही असेल, पण आधी ती माझीही आहे असं म्हणा आणि मग माझ्याकडे मागा. मी थोरला. दोघंही मला दादा म्हणतात.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी गेले, पंगत उठली आणि माजघरात विषय निघालाच. बहीण म्हणाली, "दादा म्हणाला, माझं खरं आहे." धाकटा म्हणाला, "मलाही तेच म्हणाला." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग शांत करता येतो मला. आयुष्यभर तेच केलं. पण त्या नजरांत नुसती विचारणा होती. मी रिकामा तांब्या उचलला आणि पाणी आणायचं निमित्त करून मागल्या दारी गेलो.

माणसं अवघड झाली की मी शब्दांकडे पळतो. ही माझी जुनी खोड आहे, आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी, कारण हे लिहिणंसुद्धा त्याच पळण्याचा एक प्रकार असेल. बत्तीस वर्षं मी एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवलं. शब्दसंग्रहाच्या तासाला फळ्यावर एक ओळ ठरलेली असायची: अपीज, पॅसिफाय, प्लकेट, मॉलिफाय, सूद, असवेज, क्वेल. पुढे एक लांब बाण, आणि बाणापुढे ‘शांत करणे’. खाली दुसरी ओळ: प्रोव्होक, इन्साइट, इन्स्टिगेट, फोमेंट, अ‍ॅग्रव्हेट. बाण. ‘भडकवणे, चिथावणे’. पोरं उतरवून घ्यायची. बँकेच्या परीक्षेत, स्पर्धा परीक्षांत समानार्थी शब्द विचारतात, त्यांना तेवढंच हवं असायचं. एकदा मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, सगळ्यांचा अर्थ एकच, तर मग इतके शब्द कशाला?" घंटा व्हायला चार मिनिटं होती आणि माझा पोर्शन मागे पडला होता. मी म्हणालो, "परीक्षेपुरतं एवढं पुरे. बस खाली." ती बसली. वर्ग शांत होता. तो तास चांगला झाला असंच मला वाटलं होतं.

त्या मुलीचा प्रश्न मला गावाहून परत आल्यावर आठवला. झोप येत नव्हती. पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मिळालेला वॉल्टर स्कीटचा व्युत्पत्तिकोश कपाटात कधीचा पडून होता. केंब्रिजला अँग्लो-सॅक्सन शिकवणाऱ्या या माणसानं तो १८७९ ते १८८२ या काळात प्रसिद्ध केला. त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचं काम जेम्स मरे यांच्याकडे आलं. पहिला भाग १८८४ साली निघाला, शेवटचा १९२८ साली, तेव्हा मरे यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. एकेक शब्द कुठून आला, वाटेत कुठे मुक्काम केला, कोणाच्या तोंडी कसा वळला, हे विचारायला माणसांनी अख्खं आयुष्य दिलं. माझ्याकडे त्या मुलीसाठी चार मिनिटं होती, तीही मी दिली नाहीत.

मी ‘सूद’ या क्रियापदापाशी थांबलो. रडणाऱ्या लेकराला थोपटणं, पोळलेल्या जागेला थंडावा देणं, हा त्याचा आजचा अर्थ. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता एखादी गोष्ट खरी असल्याचं दाखवून देणं, पडताळणं. ‘सूथ’ म्हणजे सत्य. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये मार्चच्या मध्याला जप म्हणून सांगणारा भविष्यवेत्ता येतो, त्याला ‘सूथसेयर’ म्हटलंय. शब्दशः, खरं बोलणारा. मग सत्य पडताळण्यापासून हे क्रियापद थोपटण्यापर्यंत पोचलं कसं? मधली पायरी वाचताना माझे कान तापले. सोळाव्या शतकात ‘सूद’ करणं म्हणजे समोरच्याच्या बोलण्याला ‘खरं आहे’ म्हणणं. होला हो करणं. त्यातून खुशामत, शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द दरबारी तोंडपुजेपणासाठी आलेला आहे. आणि त्या खुशामतीतून पुढे, सतराव्या शतकाच्या अखेरीकडे, शांत करणं. म्हणजे माझं ते वाक्य चारशे वर्षांपूर्वी इंग्रजीत एका शब्दात मावत होतं. त्या शब्दातले पडताळणीचे कष्ट हळूहळू गळून गेले आणि खरेपणाचा शिक्का तेवढा उरला. समोरचा निवतो तो त्या शिक्क्यामुळे. तो कुणी मारला, तपासून मारला का, हे त्या क्षणी कोण विचारतं?

पण थांबा. दोघांचंही खरं नव्हतं का? बहिणीचा हक्क खरा. वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकी हिस्सेदार झाली; महाराष्ट्रानं तर त्या दिशेनं १९९४ सालीच कायदा केला होता. धाकट्याचे कष्टही खरे. आईला उचलून बसवताना त्याची कंबर गेली ती आजही पुरती सरळ झालेली नाही. मग दोघांना ‘तुझं खरं आहे’ म्हटलं तर खोटं काय बोललो? या मुद्द्यावर मी दोन रात्री स्वतःची वकिली केली आणि जवळजवळ जिंकतही आलो होतो. मग एक साधी गोष्ट ध्यानात आली. बहिणीला मी भावाचे कष्ट सांगितले नाहीत. भावाला मी बहिणीचा कायदा सांगितला नाही. जिला कायदा तोंडपाठ होता तिलाच मी कायदा समजावत बसलो, आणि ज्यानं कष्ट काढले होते त्यालाच त्याच्या कष्टांची आठवण करून दिली. ज्याचं त्याला परत दिलं, आणि ज्याला जे ऐकण्याची गरज होती ते स्वतःपाशी ठेवलं.

आणि एक गोष्ट मी दोघांनाही सांगितली नाही. ती लिहितानाही हात आखडतोय. बहिणीनं हक्कसोडपत्र दिलं तर तिचा तिसरा हिस्सा जातो कुठे? दोघा भावांकडे. माझा एक तृतीयांश वाटा निम्मा होतो. इतक्या फोनांत हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही आलं नाही. मला जमिनीचा लोभ आहे असं मला वाटत नाही. पण लोभ नसलेल्या माणसानं हे वाक्य पहिल्याच फोनला बोलून टाकलं नसतं का? मी तडजोड करणारा, मधला, कुणाचाच नसलेला, अशा ठिकाणी बसलो होतो, आणि त्या ठिकाणाखाली पाऊण एकराहून थोडी जास्त जमीन माझीच होती. वर सव्वा एकराची वाट बघत होती.

‘अपीज’ शब्दाच्या पोटात शांतता आहे. लॅटिनमधला ‘पाक्स’, त्यातून जुन्या फ्रेंचमार्गे हे क्रियापद. गंमत म्हणून नव्हे, पण इंग्रजीतलं पैसे देण्याचं ‘पे’ हे क्रियापदही याच घरातलं. लॅटिन ‘पाकारे’ म्हणजे शांत करणं; दारात उभा राहिलेला सावकार शांत करायचा तर काय करावं लागतं? देणं चुकतं करावं लागतं. तेव्हा शांत करणं आणि पैसे मोजणं ही एका क्रियापदात राहिली आणि पुढे इंग्रजीत पैसा तेवढा उरला. ‘पाक्स’चं मूळ बांधणं, घट्ट बसवणं या अर्थाच्या धातूत आहे आणि आपला ‘पाश’ त्याचाच नातलग. शांतता म्हणजे बांधून घेतलेला करार. बांधून कोणाला घेतलं, हा प्रश्न मग उरतोच.

‘अपीजमेंट’ या नामाला एके काळी चांगला वास होता. ३० सप्टेंबर १९३८ नंतर तो गेला. म्युनिकमध्ये हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि दलादिए या चौघांनी सुडेटनलँड जर्मनीला देऊन टाकलं. ज्या देशाचा तो प्रांत, त्या चेकोस्लोव्हाकियाचं कोणी त्या वाटाघाटीत बसलेलं नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. हा इतिहास मी वर्गात शब्दार्थ सांगताना दोन वाक्यांत उरकायचो, आणि चेंबरलेनला मनातल्या मनात नावं ठेवायचो. घरच्या अडीच एकराची तुलना त्या प्रसंगाशी करणं मला शोभत नाही, हे कळतं. तरीही एक चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. धाकटा आणि मी ओटीवर बसून कागद कसा करायचा, स्टॅम्प किती लागेल, ताईला कोणी सांगायचं, हे बोललो होतो. आईचा दहावा उरकून दोनच दिवस झाले होते. बहीण आत भांडी विसळत होती. तिला हाक मारायचं मला सुचलं नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. सुचलं नव्हतं, की सोयीचं नव्हतं?

मग ‘क्वेल’. या शब्दानं मला वेगळ्याच घरात नेऊन सोडलं, माझ्या स्वतःच्या. जुन्या इंग्रजीत ‘क्वेलान’ म्हणजे ठार मारणं. यातना देणं या अर्थाचा जर्मन शब्द त्याचा सख्खा भाऊ. पुढे धार बोथट झाली आणि बंड मोडणं, भीती घालवणं, हुंदका आवरायला लावणं एवढ्यावर तो आला. फळ्यावर मी त्याच्यापुढेही तोच बाण काढत होतो: शांत करणे.

माझे सासरे गेले तेव्हा बारावीचे पेपर तपासायला आले होते. बायको माहेराहून परतली आणि स्वयंपाकघरात, मोरीत, कपडे वाळत घालताना, कुठेही रडायला लागायची. चार दिवस मी ऐकलं. पाचव्या दिवशी माझे साठ पेपर उरले होते आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा द्यायचा होता. मी हातातला लाल पेन खाली न ठेवता म्हणालो, "अगं, आता पुरे. वय झालं होतं त्यांचं. किती दिवस चालणार हे?" आवाज चढवला नव्हता, उलट मऊच होता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कुकर लावला. त्यानंतर तिच्या वडिलांसाठी ती माझ्यासमोर रडली नाही. त्या वर्षी नाही, पुढेही नाही. ‘मी तिला सावरलं’ असं मी पाहुण्यांना सांगितल्याचंही आठवतं. सावरलं? तिच्या आत काहीतरी जिवंत हालत होतं, ते मी थांबवलं. साठ पेपर वेळेत गेले.

हा दोष इंग्रजीचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडेही माणूस गेला की ‘शांत झाला’ म्हणतात, देवापुढचा दिवा विझला तर ‘शांत झाला’ म्हणतात. ही माया आहे, अशुभ शब्द टाळण्याची. पण त्याच ‘शम्’ धातूची मागची गोष्ट जास्त कठीण आहे. वैदिक यज्ञात पशूला मारणाऱ्याला ‘शमिता’ म्हणत, शांत करणारा. रक्त न सांडता श्वास कोंडून मारण्याच्या त्या क्रियेला नाव होतं ‘संज्ञपन’. शब्दशः अर्थ, संमती घेणं, मनवणं. मारलं असं म्हणायचं नाही. त्याला पटवलं असं म्हणायचं. हे वाचल्यावर मला धाकट्यानं तालुक्याहून आणलेला हक्कसोडपत्राचा मसुदा आठवला. त्यात एक वाक्य असतंच: हे लिहून देणार यांनी स्वखुशीनं, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिलं आहे. त्या वाक्यावर मी व्याकरणाची एक चूक दुरुस्त करून दिली होती. शिक्षक ना. बहिणीच्या नावानं लिहिलेल्या ‘स्वखुशीनं’ या शब्दाला मी हात लावला नाही, कारण तो शुद्ध होता.

आता दुसरी ओळ. भडकवणारे शब्द. मी कधी कोणाला भडकवलं? आयुष्यात आवाज चढवला नाही, गावकीत कोणाच्या कानाला लागलो नाही. ही ओळ माझी नाही, असं म्हणून मी कोश मिटणार होतो. पण ‘फोमेंट’ वाचला. बंड, द्वेष, अशांतता यांना खतपाणी घालणं. हा शब्द आला लॅटिन ‘फोमेंटुम’वरून, आणि ‘फोमेंटुम’ म्हणजे काय? शेक. दुखऱ्या गुडघ्यावर, मुरगळलेल्या घोट्यावर गरम कापडाचा आपण देतो तोच. डॉक्टर आजही शेकाला ‘फोमेंटेशन’ म्हणतात. त्यामागचं क्रियापद ‘फोवेरे’, ऊब देणं, जपणं. आणि त्याच्याही मागे जो धातू आहे त्यातून आपला ‘दह्’, दाह आणि दहन आले. म्हणजे दुःखावर ऊब धरणारा हात आणि आग लावणारा हात भाषेनं वेगळे मानलेच नाहीत. आपल्या फुंकरीचंही तसंच नाही का? पोळलेल्या बोटावर फुंकर घातली की गार वाटतं, आणि तीच फुंकर राखेखालच्या निखाऱ्यावर गेली की चूल पेटते. फुंकणाऱ्याला दोन्ही वेळा आपण मायाच करतोय असं वाटतं.

मी बहिणीला रोज फोन करत होतो. आई गेल्यापासून. "कशी आहेस? जेवलीस का?" आणि मग, थोडं थांबून, "परत काही म्हणाला का तो?" हा प्रश्न मी काळजीनंच विचारत होतो. काळजी खरी होती, ते मी नाकारणार नाही. पण ज्या दिवशी तो काही म्हणालेला नसायचा त्या दिवशीही त्या प्रश्नामुळे तिला जुनं काहीतरी आठवायचं. मागच्या दिवाळीतलं, लग्नातलं, आईच्या पाटल्यांचं. ती बोलायला लागायची आणि मी हूं हूं करत ऐकायचो. तिचं दुखणं मी रोज एकदा शेकत होतो. शेक काढला असता तर ती सूज आपोआप उतरली असती का, हे मला सांगता येणार नाही. मात्र शेक देताना मला बरं वाटत होतं, हे नक्की सांगता येतं. ती दुखावलेली असेपर्यंत मी तिचा सगळ्यात जवळचा भाऊ होतो. त्या दोघांत समेट झाला असता तर रोज आठ वाजता माझा फोन तिच्याकडे कशाला वाजला असता?

इथे माझ्या दोन ओळी एकमेकींत मिसळल्या. कुठला शब्द कुठल्या ओळीत घालायचा, हेच मला समजेनासं झालं. मग इतर शब्द भराभर पालथे घातले, सुटकेसाठी म्हणा. ‘मॉलिफाय’चं मूळ ‘मॉलिस’, मऊ. आपलं ‘मृदु’ त्याचंच भावंड. ‘असवेज’मध्ये गोडवा आहे, आपलं ‘स्वादु’; पटवून देण्याचं ‘पर्स्वेड’ही त्याच गोड मुळाचं. यांनी मला काही शिकवलं नाही. मऊ आणि गोड बोलणं मला आधीपासून येतंच. पण एक जोडी मात्र मनात राहिली. ‘रिलीव्ह’मध्ये लॅटिन ‘लेविस’ आहे, हलका. संस्कृतात तोच ‘लघु’. ‘अ‍ॅग्रव्हेट’मध्ये ‘ग्राविस’ आहे, जड, संस्कृतात ‘गुरु’. इंग्रजीतला दुःखासाठीचा ‘ग्रीफ’ हा शब्दही त्या जडाचाच. वृत्ताच्या तासाला आपण बोटांवर मोजायचो ते लघु आणि गुरु, हलकं आणि जड. कुठलंही वृत्त नुसत्या लघूंनी चालवून बघावं. धावत सुटतं, टेकायला जागा नाही. मग मी घरातल्या प्रत्येकाचं दुःख लगेच लघु करायला का धावत होतो? बायकोचं वडिलांसाठीचं रडणं गुरु होतं. ते तितकंच जड असायला हवं होतं, तितकाच वेळ घ्यायला हवा होता. मला ते उचलायचं नव्हतं, म्हणून मी ते हलकं आहे असं तिला सांगितलं.

‘कम्फर्ट’ शब्दात ‘फोर्टिस’ आहे, बळकट. सांत्वन म्हणजे बळ देणं. जडाला हलकं म्हणण्यापेक्षा उचलणाऱ्याच्या हातात जोर येईल असं काही करणं. माझी मावशी हे करायची, तिला इंग्रजीचा गंध नव्हता. वडील गेले तेव्हा ती आईला एक अक्षर समजुतीचं बोलली नाही. दोन दिवसांनी तिनं आईपुढे बँकेची पासबुकं, विम्याचे कागद आणि वडिलांच्या खिशातली उधारीची चिठ्ठी ठेवली आणि म्हणाली, "हे एवढं देणं आहे, हे एवढं येणं आहे. आज बघतेस की उद्या?" मला तेव्हा मावशी निष्ठुर वाटली होती. आई म्हणाली, "आजच बघू." रडत रडत तिनं आकडे लिहून घेतले.

रात्री उशिरा मी पुन्हा ‘सूथ’पाशी आलो. त्याच्या नातलगांकडे आधी नीट पाहिलं नव्हतं. ‘सूथ’ म्हणजे जे आहे ते, संस्कृतातलं ‘सत्’. सत्य त्यातलंच. आणि ‘सत्’चं अनेकवचन ‘सन्तः’, त्यावरून आपला संत. वारीला जाणाऱ्या आईच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा शब्द एका जुन्या इंग्रजी शब्दाचा भाऊबंद निघतो यानं मला भरून आलं. पण या घराण्यात आणखी एक जण आहे. लॅटिनमधला ‘सोन्स’. तोच धातू, तीच घडण. अर्थ मात्र अपराधी. कारण काय? ‘जो आहे तो’. कोणी केलं हे, असं विचारल्यावर ज्याच्याकडे बोट जातं तो. होय, तो मीच, असं ज्याला म्हणावं लागतं तो. एका मुळातून एका भाषेत संत झाला आणि दुसरीत गुन्हेगार. मी कितीतरी वेळ त्या पानावर बोट ठेवून बसलो. माजघरात त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना शिक्का नको होता, निवाडाही नको होता. त्यांना एवढंच ऐकायचं होतं की हो, दोघांनाही मीच म्हणालो. आणि मी तांब्या उचलला.

एवढं कळून काय झालं? मूळ शोधलं म्हणजे शब्द त्या अर्थाला बांधला जात नाही, हे मीच मुलांना सांगत आलोय. आज कोणी इंग्रज आई लेकराला ‘सूद’ करते तेव्हा ती खुशामत करत नसते. शब्दांना त्यांच्या आजोबांची शिक्षा देता येत नाही. म्हणजे हा सगळा पुरावा कोशाचा नाही, माझाच आहे. मी तो शब्दांच्या तोंडून वदवून घेतला, कारण स्वतःच्या तोंडून बोलायची हिंमत नव्हती. आणि ही जी टोचणी लागली आहे तीसुद्धा कशी ओळखायची? लिहून झाल्यावर हलकं वाटणार असेल तर हे लिहिणंही पुन्हा शांत करणंच झालं, या वेळी स्वतःला. या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं दिसलं की कागदावर कितीही लिहिलं तरी त्या दोघांना ते ऐकू जाणार नाही.

बायकोशी बोललो. इतक्या वर्षांनी त्या लाल पेनाचा विषय काढणं मला विचित्र वाटत होतं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "आठवतंय तुम्हाला? मला वाटलं, तुम्ही विसरलात." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मी "चुकलंच माझं" म्हणून विषय मिटवायला निघालो होतो, ओठांवर आलंही होतं, गिळलं. ती सोलत राहिली, मीही समोर बसून सोलायला घेतलं. थोड्या वेळानं ती तिच्या वडिलांच्या सायकलीबद्दल काहीतरी सांगायला लागली.

धाकट्याला रविवारी फोन केला. ताईच्या हक्काचं सगळं सांगितलं, जे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो तडकला. "म्हणजे तू तिच्या बाजूचा." मी म्हटलं, तिच्या बाजूचं मी तुला आजवर सांगितलं नव्हतं, एवढंच. त्यानं फोन ठेवला.

बहिणीला त्याच दिवशी संध्याकाळी केला. आठच्या आधी, म्हणजे रोजचा प्रश्न तोंडावर येणार नाही. तिला आधी धाकट्याच्या कंबरेचं सांगितलं. तिला माहीत नव्हतं. तालुक्याच्या दवाखान्यात त्यानं आईला पाठीवर घेऊन दोन जिने चढवले होते, तेही माहीत नव्हतं. मग म्हणालो, "आणखी एक आहे. तू सही केलीस तर माझा वाटा वाढतो. तिसऱ्याचा निम्मा होतो. हे मला पहिल्यापासून माहीत होतं." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. मला वाटलं फोन तुटला. मग ती म्हणाली, "दादा, हे तू आज सांगतोयस?"

"हो."

"ठेवते मी."

त्या रात्री तीन वेळा फोन हातात घेतला. तिला राग आला असेल, रडत असेल, निदान ‘झोपलीस का’ एवढं तरी विचारावं. बोट तिच्या नावावर जात होतं. काय बोलायचं ते वाक्यही तयार होतं, मऊ, गोड, वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं. फोन उशीखाली ठेवला आणि जागाच राहिलो.

सकाळी तिचा मेसेज आला होता. ‘सातबारा आणि आठ-अ, दोन्ही पाठव.’ मी पाठवले.